खांद्याची सोनोग्राफी: काळं दिसलं म्हणजे फाटलं नव्हे

हात वर जातो का, मागे जातो का, आणि रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाच्याही खांद्यावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातात धरायचं उपकरण, ठेवत नाही. उत्तरं ऐकताना पेशंट बाही कशी काढतो तेही बघते. बरा हात आधी मोकळा करून दुखऱ्या हातावरून बाही अलगद घसरवणारा माणूस मला न विचारता बरंच काही सांगून जातो. मग त्याचं कोपर अंगाला टेकवून मीच त्याचा हात हळू बाहेर वळवते. मी वळवूनही वळत नसेल तर दुखणं बहुधा सांध्याच्या आवरणाचं, म्हणजे खांदा जाम झालेला. मी उचलला की उचलला जातो पण त्याचा त्याला उचलवत नाही, तर संशय टेंडनवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर. सांध्याची झीज असली तरी हात जाम होतो, म्हणून आधीचा एक्स-रे मागून घ्यायचाच.

खांद्याची सोनोग्राफी नव्याने शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. पाठ्यपुस्तकातले कोन आणि आकृत्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्यक्ष पेशंट समोर बसल्यावर हात कुठे अडतो आणि डोळा कुठे फसतो, ते सांगायचं आहे.

लिनियर, म्हणजे सपाट तोंडाचा प्रोब घ्या, 12 मेगाहर्ट्झच्या आसपासचा. भरदार खांदा असेल तर 7 ते 9 पर्यंत खाली यावं लागतं. खोली 3 ते 4 सेंमी पुरते. फोकस टेंडनच्या पातळीवर. जेल कंजुषी न करता लावा, कारण खांदा गोल असतो आणि प्रोबचं एक टोक हवेत राहिलं की तिथली अर्धी प्रतिमा गेली.

पेशंटला पाठ नसलेल्या, फिरणाऱ्या स्टुलावर बसवा. तुमचं आसन त्याच्यापेक्षा थोडं उंच हवं. प्रोब अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि करंगळी, अनामिका पेशंटच्या कातडीवर टेकलेली ठेवा. ती दोन बोटं टेकलेली नसली की प्रोब घसरतो आणि तुम्ही नकळत दाबायला लागता. स्वतःचं कोपर अंगाजवळ असू द्या. वर्षानुवर्षं हात लांबवून सोनोग्राफी करणाऱ्यांचे खांदे दुखायला लागतात, आणि माझ्या ओळखीत असे बरेच जण आहेत.

सुरुवात बायसेप्सपासून

पेशंटचा हात मांडीवर, कोपर काटकोनात, तळवा वर. प्रोब खांद्याच्या पुढच्या बाजूला आडवा ठेवा. हाडाचे दोन उंचवटे आणि त्यांच्यामधली खोबण दिसेल. त्या खोबणीत पांढरा, अंडाकृती ठिपका म्हणजे बायसेप्सचा लांब टेंडन. खांद्यातली वाट चुकली की मी परत इथेच येते. ही खोबण सापडली की पुढचं, मागचं, सगळं जागेवर बसतं.

पण पहिल्या महिन्यात बायसेप्सचा मुख्य उपयोग वेगळाच आहे. प्रोब जागचा न हलवता फक्त वर-खाली झुकवा. पांढरा ठिपका करडा होतो, मग काळा, आणि परत झुकवलं की पुन्हा पांढरा. टेंडन तोच आहे, त्याला काहीही झालेलं नाही. ध्वनिलहरी तंतूंवर काटकोनात पडल्या तर त्या परत येतात आणि टेंडन पांढरा दिसतो. थोड्या तिरप्या पडल्या की भलतीकडे जातात आणि तिथे काळं दिसतं. याला अ‍ॅनायसोट्रॉपी म्हणतात. यासाठी फार झुकवावं लागत नाही, पाच-दहा अंश पुष्कळ झाले. प्रत्येक पेशंटच्या सुरुवातीला मी हे एकदा करते. त्या दिवशी हाताला किती कलवावं लागतं याचा अंदाज येतो.

खोबण रिकामी दिसली तर घाबरू नका आणि घाईही करू नका. आधी झुकवून बघा. तरीही रिकामी असेल तर आतल्या बाजूला सरका. टेंडन खोबणीतून निसटून सबस्कॅप्युलॅरिसच्या (खांद्याच्या पुढच्या बाजूच्या स्नायूच्या)वर किंवा खाली जाऊन बसलेला असतो. तिथेही नसेल तर दंडावर खाली उतरा. तुटलेला असेल तर बेटकुळी खाली सरकून गोळा झालेली तुम्हाला प्रोबशिवायही दिसते.

टेंडनभोवती थोडं पाणी असणं हा आजार नाही. ते आवरण सांध्याशी जोडलेलं आहे, त्यामुळे सांध्यात पाणी झालं की ते इथे उतरतं. पाणी बरंच असेल तर उगम दुसरीकडे शोधा. आणि टेंडनच्या बाहेरच्या अंगाला एक छोटी रोहिणी असते; कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावल्यावर ती चमकली की काही जण दाह लिहून मोकळे होतात. तसं करू नका.

आता कोपर बरगडीला चिकटलेलंच ठेवून हात बाहेर वळवायला सांगा. सबस्कॅप्युलॅरिस हाडाखालून सरकत बाहेर येतो. लांबीत बघा, मग प्रोब काटकोनात फिरवून आडवा छेद, म्हणजे आडवी प्रतिमा, घ्या. आडव्या छेदात पांढऱ्या तंतूंच्या मध्ये काळे पट्टे दिसतात. ते स्नायूचे पदर आहेत, फाटलेलं काही नाही. वरचे तंतू मात्र नीट पाहा, कारण बायसेप्स जागेवरून सुटलेला असेल तर बहुतेक वेळा तिथेच काहीतरी बिघडलेलं असतं. हात बाहेर वळत असताना बायसेप्स खोबणीतून उडी मारतो का, हेही याच वेळी दिसतं. स्थिर प्रतिमेत ते कधीच दिसणार नाही.

सुप्रास्पायनेटस, जिथे सर्वाधिक चुका होतात

सुप्रास्पायनेटस हा खांद्याच्या वरच्या बाजूचा स्नायू. हात सरळ लोंबत असताना त्याच्या टेंडनचा मोठा भाग हाडाच्या छपराखाली लपलेला असतो. त्याला पुढे आणायचं तर हात मागे न्यायला लागतो. पेशंटला सांगा, ‘मागच्या खिशात हात घालताय असा ठेवा, कोपर सरळ मागे.’ हे वाक्य सगळ्यांना कळतं. पुस्तकातली मूळ पद्धत पाठीमागे हात नेऊन पालथा पंजा वरपर्यंत चढवायची आहे, पण दुखऱ्या खांद्याला ती झेपत नाही आणि बायसेप्सजवळचा भागही त्यात झाकला जातो. म्हणून मी खिशाचीच स्थिती वापरते. तेवढंही जमत नसेल तर हात खाली सोडून कोपर थोडं मागे न्यायला सांगा. जेवढं दिसेल तेवढं पाहा, आणि पूर्ण टेंडन दिसला नाही हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

प्रोबची दिशा साधारण पेशंटच्या कानाकडे. लांबीतल्या छेदात टेंडन पक्ष्याच्या चोचीसारखा दिसतो: आत जाड, बाहेर निमुळता होत हाडावर टेकलेला. आडव्या छेदात तो हाडाच्या गोलाईवर बसवलेल्या टायरसारखा, एकसारख्या जाडीचा. टायरची जाडी एका जागी कमी झाली की डोळा आपोआप तिथे थांबतो. सगळा टेंडन पुढून मागेपर्यंत झाडून काढा, नुसता पुढचा काठ नको. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झिजेने होणारी फाट बहुधा बायसेप्सच्या मागे 15 मिमीच्या आसपास सुरू होते असं दिसलं, आणि त्यानंतर मी त्या पट्टीवर मुद्दाम थांबायला लागले.

शिकत असतानाची एक गोष्ट सांगते, कारण ती अजून माझ्या हातात आहे. साधारण पन्नाशीच्या एका बाई खांदा दुखतो म्हणून आल्या होत्या. टेंडन हाडाला जिथे चिकटतो नेमकं तिथे मला काळा चट्टा दिसला. मी पूर्ण जाडीची फाट असा रिपोर्ट दिला. बाईंनी तो वाचला, ऑपरेशन करावं लागणार म्हणून घरात सगळ्यांना बोलावून घेतलं, आणि दोन आठवडे त्यांना नीट झोप नव्हती. सर्जननी हाताची ताकद तपासली, त्यांना शंका आली, एमआरआय केला. टेंडन शाबूत.

बाईंना परत बोलावलं. माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी मलाच प्रोब धरायला लावला. तोच काळा चट्टा, त्याच जागी. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि प्रोबची बाहेरची टाच, म्हणजे बाहेरच्या टोकाची कड, किंचित दाबली. एवढंच. काळ्या जागेत बारीक पांढऱ्या रेघा एकेक करून उगवत गेल्या आणि चट्टा भरून निघाला. हाडात शिरताना तंतू खाली वळतात. वरून सरळ धरलेल्या प्रोबला ते वळण तिरपं पडतं. बायसेप्सवर मी रोज जे करून दाखवत होते, तेच इथे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मी बाईंची माफी मागितली. तेव्हापासून काळं दिसलं की माझा हात आधी टाच दाबतो, मग डोळा निर्णय घेतो.

मग खरी फाट ओळखायची कशी? टाच दाबून, प्रोब झुकवून, दोन्ही छेदांत बघून काळं तसंच राहिलं पाहिजे. त्या पुढच्या खुणा एकत्र बघा. पूर्ण फाट असेल तर टेंडनचा वरचा, बाहेरून फुगीर असलेला काठ बसका होतो किंवा आत खचतो. खाली हाडावरच्या कूर्चेच्या पृष्ठभागावर एक तेजस्वी बारीक रेघ उमटते, कारण मध्ये टेंडनऐवजी पाणी आलेलं असतं. हाडाचा पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो. बर्सात (टेंडनवरच्या, घर्षण कमी करणाऱ्या पातळ पिशवीत) आणि बायसेप्सच्या आवरणात एकाच वेळी पाणी असेल तर फाट शोधल्याशिवाय उठू नका.

आणि दाबून बघा. शाबूत टेंडन प्रोबने दाबला तर दबत नाही. फाटीच्या जागी पाणी बाजूला सरकतं, वरचा डेल्टॉइड स्नायू खड्ड्यात उतरतो, प्रोब सैल केला की परत वर येतो. कितीतरी वेळा फाटीचे काठ शेजारी शेजारी मिटून बसलेले असतात आणि साध्या नजरेला टेंडन सलग वाटतो. या दाबण्यानेच ते उघडे पडतात. पेशंटला सांगून दाबा, ‘आता जरा दुखेल, दुखलं की सांगा.’ दुखण्याची जागा आणि पडद्यावरची जागा जुळली तर ती माहिती रिपोर्टइतकीच मोलाची असते.

उलट चूकही होते आणि ती जास्त घातक. मोठ्या, जुन्या फाटीत टेंडन पूर्णपणे आत, छपराखाली आखडून गेलेला असतो. हाडावर सरळ डेल्टॉइड आणि जाड झालेली बर्सा बसलेली असते. नवखा माणूस त्या थरालाच टेंडन समजतो, कारण टेंडन कुठेतरी असायलाच हवा असं त्याचं मन सांगत असतं. एका सत्तरीच्या आजोबांच्या बाबतीत माझी विद्यार्थिनी वीस मिनिटं टेंडन मोजत होती. मी तिला एवढंच विचारलं, ‘हे तंतू हाडाला चिकटलेत का?’ तिने प्रोब बाहेर सरकवला. तो थर हाडाला न चिकटता पुढे दंडाकडे निघून गेला. टेंडन जिथे चिकटतो तो हाडाचा मोठा उंचवटा उघडा पडला होता.

फाट मोजायची दोन मापांत: आडव्या छेदात पुढून मागे किती, आणि लांबीत टेंडनचं टोक किती आत सरकलं. 1 सेंमीच्या आत लहान, 1 ते 3 मध्यम, 3 ते 5 मोठी, 5 च्या वर अतिविशाल, ही विभागणी सर्जन वापरतात. आकडा लिहा, नुसतं ‘मोठी’ लिहून त्यांच्या हाती काही लागत नाही.

अर्धवट फाट अवघड असते, हे मान्य करूनच तपासणी करा. 2009 सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात पूर्ण फाटी सोनोग्राफीने शंभरातल्या सुमारे 92 पकडल्या, अर्धवट मात्र सुमारे 67. एमआरआय अर्धवट फाटीत फार पुढे नव्हता. सांध्याच्या बाजूची, बर्साच्या बाजूची की टेंडनच्या पोटातली, एवढं तरी सांगता आलं पाहिजे. टेंडन जाड, करडा, तंतूंची वीण विस्कटलेली पण सलग असेल तर ती टेंडिनोसिस, म्हणजे झीज. झीज आणि अर्धवट फाट यांची सीमा जिथे मला ठरवता येत नाही, तिथे मी तसंच लिहिते.

कॅल्शियम आणि बर्सा

टेंडनमध्ये पांढरा खडा आणि त्यामागे काळी सावली दिसली तर कॅल्शियम कठीण आहे. असे खडे पुष्कळ माणसं न दुखता बाळगतात. सावली पुसट किंवा नसलेली, टूथपेस्टसारखी मऊ दिसणारी गाठ, आणि पेशंट ‘कालपासून हात हलवता येत नाही’ म्हणत असेल, तर कॅल्शियम विरघळायला लागलं आहे. शरीर ते शोषून घेत असतानाच सर्वात जास्त दुखतं. अशा वेळी सुईने धुऊन ते काढता येतं, आणि सुई नेमकी नेण्यासाठी हाच प्रोब उपयोगी पडतो. कॅल्शियम आहे म्हणताना एक्स-रेशी ताडून घ्या.

बर्सा एरवी दोन पांढऱ्या रेघांमधली बारीक काळी रेघ असते, 2 मिमीच्या आत. प्रोब जोरात दाबला तर आतलं पाणी पळून जातं आणि तुम्हाला काहीच दिसत नाही, म्हणून इथे हात हलका. आता प्रोब हाडाच्या छपराच्या काठावर ठेवा आणि पेशंटला हात बाजूने वर न्यायला सांगा. टेंडन छपराखाली गुळगुळीत सरकला पाहिजे. बर्सा काठाशी गोळा होऊन अडत असेल आणि त्याच क्षणी पेशंटचा चेहरा आक्रसला, तर दोन्ही लिहा. चेहरा शांत असेल तर नुसत्या गोळा होण्याला फार महत्त्व देऊ नका.

मागची बाजू

हात विरुद्ध खांद्यावर ठेवायला सांगा. इन्फ्रास्पायनेटस, म्हणजे पात्याच्या मागचा स्नायू, लांबीत दिसतो, त्याच्या खाली टेरिस मायनर, जो क्वचितच बिघडतो. मागे जाण्याचं खरं कारण स्नायू बघणं आहे. सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटसचं मांस पांढुरकं आणि पातळ झालं असेल तर शेजारच्या टेरिस मायनरच्या तुलनेत ते उठून दिसतं. टेंडन शिवता आला तरी असा स्नायू पूर्वीसारखा होत नाही, आणि सर्जनला ते आधी कळायला हवं. जाता जाता खांद्याच्या पात्याच्या मागच्या खाचेत डोकवा. तिथे पाण्याची गाठ असेल तर ती नस दाबते, आणि फाट नसतानाही हात कमजोर पडतो. ती गाठ आहे की फुगलेली रक्तवाहिनी, हे ठरवायला डॉप्लर लावा आणि हात बाहेर-आत वळवून घ्या.

वरचा छोटा सांधा, कॉलरबोन जिथे टेकते तो, शेवटी एका मिनिटात. बोटाने दाबून तिथेच दुखतं का विचारा.

खांदा जाम झालेल्या पेशंटचे टेंडन बहुधा ठीकच दिसतात. हात बाहेर वळवताना सबस्कॅप्युलॅरिस अर्ध्यातच थांबतो, आणि बायसेप्सच्या वरचा कोपरा जाड, करडा वाटतो. इथे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ असं लिहून पेशंटला परत पाठवलं की त्याला वाटतं आपलं दुखणं कुणालाच दिसत नाही. हात किती वळतो तेही लिहा.

पेशंटला काय सांगायचं

दुसरा खांदाही बघा, निदान सुप्रास्पायनेटस तरी. 588 पेशंटांच्या एका अभ्यासात, जो 2006 साली प्रसिद्ध झाला, फाट नसलेल्यांचं सरासरी वय सुमारे 49, एका खांद्यात फाट असलेल्यांचं 59 आणि दोन्हीकडे फाट असलेल्यांचं 68 होतं. म्हणजे वयाबरोबर फाटीचं प्रमाण वाढतं, आणि ती न दुखताही असते. पडद्यावर फाट दिसली म्हणून दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही. ज्या बाजूला त्रास नाही तिथेही तशीच फाट दिसली, तर दुखऱ्या बाजूचं कारण पुन्हा एकदा नीट शोधते.

पडद्याकडे बघत बघत ‘फाटलंय’ असं तोंडातून निघू देऊ नका. पेशंटच्या डोळ्यांसमोर कापड फाटतं. मी प्रोब खाली ठेवते, जेल पुसून देते, आणि मग सांगते: ‘शीर एका जागी झिजून उसवली आहे, इतकी, या जागी. पुढचं तुमचे डॉक्टर तुमच्या हाताची ताकद बघून ठरवतील.’ जे खरं आहे ते सगळं सांगते, पण त्याच्याकडे बघून.

रिपोर्ट माझा असा असतो: ‘उजवा सुप्रास्पायनेटस: पुढच्या भागात पूर्ण जाडीची फाट, पुढून मागे 14 मिमी, टोक 10 मिमी आत सरकलेलं. स्नायू चांगला. बायसेप्स खोबणीत, शाबूत. सबस्कॅप्युलॅरिस शाबूत. बर्सात थोडं पाणी. सांध्याच्या कडेची कूर्चा आणि हाडाच्या आतला भाग या तपासणीत दिसत नाही.’ शेवटचं वाक्य मी कधीच गाळत नाही.

लिहिताना एखाद्या वाक्याशी हात अडखळला, तर पेशंट अजून बाहेर बिलाच्या रांगेत असतो. त्याला आत बोलवा, स्टुलावर बसवा, आणि ती जागा पुन्हा एकदा टाच दाबून बघा.